दुखतं तिथंच बोट

मथुराबाई डॉक्टरीण कल्याणात आल्या आणि गावातल्या सासवांना एक नवी धमकी मिळाली. ‘गप बसतेस, की नेऊन बसवू त्या डॉक्टरणीपुढे?’ सुना गप बसायच्या. पुढे दोन वर्षांत कळलं, की डॉक्टरणीपुढे बसायची खरी भीती सासवांनाच जास्त वाटते.

कापसाच्या व्यापारातले एक शेटजी होते. त्यांची बायको बाळंतपणात गेली. पुरुष डॉक्टरला आत घ्यायचं नाही, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी ती गेली. मग शेटजींनी तिच्या नावानं पारनाक्याजवळ बायकांचा दवाखाना काढला आणि मुंबईला डॉक्टरकी शिकलेली बाई आणली. त्या मथुराबाई. मी तेव्हा तिशीची, विधवा, भावाच्या घरी राहत होते. दवाखान्यात पाणी तापवायला, फडकी उकळायला आणि बायकांना आतबाहेर करायला एक हुशार बाई हवी होती. मी हुशार नव्हते, पण सोवळी होते आणि रिकामी होते. भावानं मला पाठवून दिलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “रक्त बघून चक्कर येते?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

“रडणारी बाई बघून रडू येतं?”

“येतं.”

“मग रक्ताचं चालेल, रडण्याचं चालणार नाही. माझ्या दवाखान्यात दोघी रडल्या तर तपासायचं कोणी?”

बाई उंच, काळ्या, हाडकुळ्या. तोंडावर देवीचे वण. पांढरं लुगडं, पायांत पुरुषी जोडे, दाताखाली सदैव लवंग. कपाळ मोकळं, पण केस राखलेले. त्यामुळे गावाची मोठी पंचाईत झाली होती. हळदीकुंकवाला बोलवावं तरी प्रश्न, न बोलवावं तरी प्रश्न. एका जोशीणबाईंनी धीर करून विचारलंच, “तुम्ही सवाष्ण का विधवा?”

“दोन्ही नाही.”

“मग कोण?”

“डॉक्टर. जीभ काढा.”

गोडीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. एखादी बाई रडायला लागली, की त्या उठून हात धुवायला जात. कोपरापर्यंत साबण, नखांना छोटा कुंचला. परत येऊन म्हणत, “झालं रडून? का दुसरीला बोलावू तोपर्यंत?” मला सुरुवातीला त्यांचा संताप येई. एवढ्या लांबून, तोंड लपवून आलेल्या बाईला हे असं बोलायचं? पण बाया उठून जात नसत, हेही मी पाहत होते.

बहुतेकींचं दुखणं एकच असे आणि त्याला शब्द नसे. ‘तसलं होतं’, ‘तिकडचं आहे’, ‘घरातलं जमत नाही’, असं म्हणायच्या आणि पदर तोंडात घालायच्या. बाईंना याची भयंकर चीड.

“तसलं म्हणजे कसलं? नाकाला नाक म्हणतेस, कानाला कान म्हणतेस. खाली काय देवानं नाव द्यायचं राहून गेलं? नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? सुरुवातीला दुखतं का आत गेल्यावर दुखतं? पहिल्यापासून का मूल झाल्यापासून? का दुखत नाही, नुसतं नकोसं वाटतं? बोल. एवढं सांगितलंस की निम्मं औषध झालं.”

भिंतीपलीकडे रांगेत बसलेल्या बायकांना हे सगळं ऐकू जाई. त्या जमिनीत शिरायला बघत. पण कान इकडेच असत.

दिवा गावाकडच्या मिठागरावरून गोमा नावाचा एक माणूस बायकोला घेऊन आला, ते मला लख्ख आठवतं. बायकोचं नाव राही. चार लेकरांची आई, बत्तिशीची असेल. ओठ फुटलेला, एक डोळा सुजलेला. गोमा धिप्पाड होता, अनवाणी. दारातच उभं राहून म्हणाला, “डॉक्टरीणबाय, ही लाकूड झाली. अंगाला हात लावू देत नाय. देवऋषीन कोंबरा कापला, तरी हिच्या अंगातला जात नाय.”

“ओठ देवऋषीनं फोडला?”

गोमा खाली पाहू लागला.

बाईंनी त्याला बाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसवलं आणि राहीला आत घेतलं. पहिलं ‘तसला’, ‘फसला’ झाल्यावर राहीकडून हकीकत बाहेर आली. शेवटच्या खेपेला पोर अडलं. सुईणीनं ओढून काढलं. राही फाटली. सुईणीनं जखमेत राख भरली आणि राही अंगातली ओल जायच्या आत आगरावर गेली, टोपल्या उचलायला. जखम भरली ती कशीही, वेडीवाकडी. वर जाड, आत टणक वण. नवरा जवळ आला की तो वण ताणायचा आणि राही किंचाळायची. मग मार.

“नवऱ्याला सांगितलंस?”

“काय सांगू, बाय? त्याला वाटतं मी ढोंग करतंय.”

बाई बाहेर आल्या. मी पाण्याचं घंगाळ घेऊन मागोमाग. त्या गोमापुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “पाय वर कर.”

खाऱ्या पाण्यात उभं राहून आगरावरच्या माणसांच्या टाचा फाटतात. गोमाच्या टाचेला बोट जाईल एवढी भेग होती. बाईंनी टाच हातात घेतली, जरा निरखली, आणि अंगठ्याचं नख त्या भेगेत घातलं.

गोमानं जी बोंब ठोकली ती पारनाक्यापर्यंत गेली असेल. तो पाय ओढू लागला. बाई सोडीनात.

“ओरडतोस काय? हस. हस की! मला जवळ ये म्हण. गोड बोल माझ्याशी.”

“सोड गं बाय! मेलो!”

“ढोंग करतोस. लाकूड झालास. थांब, तुझा ओठ फोडते, म्हणजे हसशील.”

रक्ताचा ओघळ फरशीवर आला तेव्हा त्यांनी पाय सोडला. “हे तू हिला रोज करतोस,” त्या म्हणाल्या. “तिची भेग तुला दिसत नाही एवढंच.” मग माझ्याकडे वळून, “गोदे, फरशी पूस,” आणि हात धुवायला गेल्या.

राहीला ठेवून घेतलं. क्लोरोफॉर्म देऊन बाईंनी तो वण काढला आणि नीट शिवला. ती बरी झाली. गोमानं पुन्हा तिला मारलं नाही, हे मी राहीच्याच तोंडून ऐकलं. सात-आठ महिन्यांनी ती धाकट्याला खरजेचं औषध न्यायला आली होती.

“आता दुखतं का?” बाईंनी विचारलं.

“नाय.”

“मग?”

राहीनं औषधाची पुडी पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, “दुकत नाय. तो पन बरा वागतो. पन मन होत नाय, बाय. तो जवल आला की मना मारलेला आठवतं.”

“ते मला शिवता येत नाही,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी मला चहा करायला लावला, आपल्यालाही आणि मलाही. एरवी असं कधी घडत नसे. आणि लवंग चघळत आपण होऊन बोलल्या. “थंड बाई, दगड बाई, लाकूड बाई. गावोगाव हेच शब्द. अगं, बाई अशी जन्माला येत नाही. कुणाची जखम वाईट भरलेली असते. कुणाला अंगावर पाजताना कोरडं पडतं, कुणाला पाळी जायच्या वेळी. साध्या तेलानं भागतं, पण सांगणार कोण? कुणी दिवसभर दळून-कांडून इतकी मोडलेली असते, की तिला निजण्यापलीकडे काही नको असतं. कुणाला पुन्हा दिवस राहतील याची धास्ती. कुणाच्या मनातून नवरा उतरलेला असतो. आणि कुणाला कुणी पहिल्या रात्री जनावरासारखं धरलेलं असतं. ते अंग विसरत नाही. आणि एवढी सगळी कारणं सोडून लोक देवऋषीकडे कोंबडं नेतात.”

मी विचारलं, “सगळ्या बऱ्या होतात?”

“वेडी आहेस का? ज्यांच्या घरचे बरे होतात, त्या होतात.”

आणि कधी कधी घरच्यांना बरं व्हायला वेळच नसे.

रेल्वेत कारकून असलेल्या एका माणसाची बायको वेणू, बावीस-तेवीस वर्षांची. बाप आजारी म्हणून माहेरी राहून नांदायला उशिरा आली होती. नवरा जवळ आला की तिचं अंग असं काही आवळून जायचं, की काहीच शक्य होत नसे. ती म्हणायची, मी करत नाही, होतं. सासूनं तिला खडवलीच्या नदीकाठी एका मांत्रिकाकडे नेलं होतं. त्यानं ओटीपोटावर तापल्या उलथन्यानं डाग दिले होते. वेणूनं लुगडं सोडलं तेव्हा ते डाग पाहून मी भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी पाहिले, मोजून पाहिले.

तपासायला त्या तिच्या अंगाला हातही लावीनात. समोर स्टूल घेऊन बसल्या आणि गप्पा मारता मारता एकदम बोट तिच्या डोळ्यापाशी नेलं. वेणूचा डोळा मिटला.

“का मिटलास?”

“मी नाही मिटला. आपोआप मिटला.”

“डोळा दगड आहे? डोळ्याला भूत लागलंय?”

“नाही.”

“मग खालीही तेच होतं. भिऊन मिटतं. तुझ्या हुकमानं मिटत नाही, तर सासूच्या हुकमानं उघडेल कसं?”

वेणू पहिल्यांदा वर बघून बोलली. लग्नाआधी एका मावशीनं तिला नाही नाही ते सांगून ठेवलं होतं. रक्ताचं, फाटण्याचं. आणि पहिल्या रात्री सासूनं बाहेरून कडी घातली आणि दाराशीच बसून राहिली. आतून आवाज येत नाही म्हणून मधूनमधून दार वाजवायची. “काय चाललंय?” म्हणायची.

बाईंनी नवऱ्याला बोलावलं. भला माणूस होता, पण आईपुढे शेळी. त्याला सांगितलं, “मी सांगेन तोपर्यंत हिच्याजवळ जायचं नाही. हात धर, बोल, बाजूला नीज. पुढचं काही नाही. आणि आईला दाराशी बसू देऊ नकोस.” तो मान हलवत गेला. वेणू येत राहिली. बाई तिला श्वास सोडायला शिकवत, अंग सैल सोडायला शिकवत, आपल्या शरीराला आपला हात लावायला शिकवत. सगळं तिच्या वेगानं. एवढ्या तुसड्या बाई, पण या कामात कधी घाई केली नाही. बरेच महिने गेले.

एक दिवस वेणू आली ती उजळ चेहऱ्यानं. “बाई, आता भीती वाटत नाही. काल मीच त्यांच्याजवळ...” आणि लाजली. मग बसली आणि बसल्या बसल्या तिचा चेहरा बदलला. सकाळी सासूनं सांगितलं होतं, की मुलाची दुसरी सोयरीक ठरली आहे. शहापूरकडची मुलगी, मोठी आहे, धट्टीकट्टी आहे. हळद घरीच दळायची आणि ती वेणूनं दळायची.

“ते काय म्हणाले?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“म्हणाले, आईनं शब्द दिलाय.”

वेणू बाईंकडे बघत राहिली. काहीतरी बोलतील, घरी येऊन भांडतील, अशी तिला आशा असावी. बाई म्हणाल्या, “मग तू बरी झालीस ती कुणासाठी, असं तुला वाटतंय ना? तुझ्यासाठी झालीस. तेवढंच तुझ्या हातात होतं. जा, हळद दळ.”

वेणू गेली. पुन्हा आली नाही. पुढे मी तिला तळ्यावर धुणं धुताना पाहिलं. सवतीच्या तान्ह्याची दुपटी होती. मला पाहून तिनं पदर पुढे ओढला.

“तुम्ही तिला एवढं लावून का बोललात?” वेणू निघून गेली त्या दिवशीच मी बाईंना विचारलं होतं.

बाई हात धुवत होत्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. आणि पाठमोऱ्याच बोलल्या. त्यांची स्वतःची गोष्ट मी ऐकली ती तेवढीच.

त्यांचा नवरा मुंबईला वकिलीचा अभ्यास करत होता, म्हणून त्याही उशिरा नांदायला गेल्या, एकोणीस-वीसच्या झाल्यावर. “त्याला घाई होती. मला दुखायचं. मी सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांना दुखतं. पुन्हा दुखलं. मग असं झालं, की जिन्यावर त्याची पावलं वाजली की इकडे दुखायला लागायचं. वर्षभर हे चाललं. मग त्यानं मला वडिलांच्या दारात आणून उभं केलं. आळी जमली होती. म्हणाला, ‘तुमचा दगड तुम्हाला परत.’ वडील मास्तर होते. त्यांनी दार लावलं नाही, एवढं त्यांचं ऋण. मला शिकायला घातलं. पुढे मुंबईला पुस्तक वाचता वाचता एक धडा आला. वाचला आणि पुस्तक मिटून बसले. या दुखण्याला नाव आहे, गोदे. माझ्यासारख्या इतक्या असतात, की त्यावर धडा आहे. आणि मी समजत होते, अख्ख्या मुलखात मीच एक दगड.”

त्यांनी माहेरचं नाव पुन्हा लावलं. सासरी त्यांचं नाव सत्यभामा ठेवलं होतं. म्हणून तर पुढचं घडलं. दवाखान्याच्या पाटीवरचं मथुराबाई हे नाव वाचून त्या माणसाला काहीच उमगलं नाही.

ठाण्याचे एक वकील आपल्या कुटुंबाला घेऊन आले. वजनदार माणूस. जरीकाठी उपरणं, हातात चांदीच्या मुठीची काठी. ठाण्यात सगळे ओळखतात, म्हणून गाडीनं कल्याणला आलेले. दुसरेपणाची बायको, नाव यशोदा, पंचविशीची. गोरी, पण ओढलेली. चालताना ओटीपोट धरून चालत होती. बाहेर रांगेत दहा-पंधरा जणी बसल्या होत्या.

वकील खोलीत आले आणि बुटक्या स्टुलाकडे पाहून उभेच राहिले. बाई मान खाली घालून काही लिहीत होत्या. “बसा,” त्या म्हणाल्या आणि मान वर केली.

मी दोघांचे चेहरे पाहिले. बाईंच्या तोंडातली लवंग थांबली. वकिलांनी प्रथम ओळखलं नाही. “हिला मूल नाही,” ते म्हणाले. “आणि आमच्याशी वागायलाही फार थंड आहे. सारखं दुखतं म्हणते. आधीच्या वेळीही माझं नशीब असंच...” इथं त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. हातातली काठी निसटून जमिनीवर आपटली.

“बाहेर बसा,” बाई म्हणाल्या. “तपासते.”

आत यशोदानं सगळं सांगितलं. आश्चर्य म्हणजे तिला फार विचारावं लागलं नाही. पांढरं जातं, पुढे पुढे पिवळं. मधूनमधून ताप. पोटात कळ, नवऱ्याजवळ गेलं की सुरी फिरल्यासारखी. लग्नाआधी काही नव्हतं. बाईंनी नीट तपासलं. मला वाटतं, इतक्या हळू हातानं त्यांनी कुणालाच तपासलं नसेल. यशोदा म्हणाली, “मी दगड आहे का हो? हे म्हणतात.”

बाईंनी हात काढून घेतला.

परमा होता तो, गुप्तरोग. त्या काळी त्याला हेच नाव. बाईला तो घरबसल्या होतो, बाहेरून तो घेऊन आलेल्या नवऱ्याकडून. बाईंना हे क्षणात कळलं होतं आणि मलाही, कारण एव्हाना मी पुष्कळ पाहिलं होतं. अशा वेळी बाई नवऱ्याला आत घेत, दार लावत आणि दोघांनाही औषध देत. ही त्यांची रीत होती. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं. दोन्ही फळ्या लोटल्या. वकील बाहेर रांगेच्या कडेला उभे होते. सगळ्या बायका ऐकत होत्या.

“वकीलसाहेब, लघवीला जळजळ होते?”

“हा काय चावटपणा आहे?”

“पू जातो? कधीपासून जातो? कुठून आणलात?” बाईंचा आवाज चढत नव्हता, नुसता मोकळा होत होता. “आपल्या कुटुंबाला परमा झालाय. तो तिनं बाजारातून आणलेला नाही. आपण आणून घातलात. तिला मूल होत नाही ते त्यानं, दुखतं ते त्यानं. पहिली दगड निघाली, दुसरी थंड निघाली. तिसरी करा. तीही कुजेल.”

रांगेत कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. वकिलांचा चेहरा राखेसारखा झाला. मी यशोदाकडे पाहिलं. ती आतून दाराशी आली होती, लुगडं अजून पुरतं सावरलेलं नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती त्या रांगेतल्या बायकांकडे बघत होती. एकेकीकडे. आणि त्या बायका आपापले पदर तिच्यापासून आवरून घेत होत्या.

पुढचं भराभर झालं. वकील दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी दोघांचे स्नेही होते. ही बाई घाणेरडे शब्द बोलते, कुलीन बायकांना नवऱ्यांच्या अंगावर घालते, स्वतः टाकलेली आहे म्हणून सगळ्यांचे संसार मोडते, असं ठरलं. शेटजींना वाईट वाटलं, पण ते पंचांपुढे बोलले नाहीत. ज्यांची दुखणी बाईंनी काढली होती, त्या बायकांत साक्ष द्यायला कोण येणार? काय म्हणून येणार? बाईंना जायला सांगितलं.

त्या सामान बांधत होत्या तेव्हा भर दुपारी यशोदा आली. एकटी, हातात बोचकं. नवऱ्यानं घराबाहेर काढली होती. भावानं ओसरीवर पाणी दिलं आणि आत घेतलं नाही. परम्याची बाई म्हणून ठाण्यात बोभाटा झाला होता. नवऱ्याचं नाव कुणी घेत नव्हतं. रोग तिच्या नावावर जमा झाला होता.

ती ओरडली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “दार लावून सांगता आलं असतं तुम्हाला.”

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

“मला मागून कळलं तुम्ही कोण ते. तुम्हाला त्यांना मारायचं होतं. बरोबर आहे, मारावं. पण हाताशी मी होते, म्हणून मला उचलून त्यांच्या अंगावर फेकलंत. त्यांना खरचटलं. मी फुटले.”

मला वाटलं, आता बाई काहीतरी जहरी बोलतील. त्या बोलल्या, “खरं आहे.” आणि थोड्या वेळानं, “औषध अजून बरेच दिवस घ्यावं लागेल. मध्येच सोडलंस तर मरशील. कुठं राहणार आहेस?”

“कुठं राहू?”

“शहाडला नदीकाठी एक घर घेतलंय मी. तिथं चल.”

“तुमच्या घरी मी थुंकायलासुद्धा येणार नाही.”

पण दुसरं घर नव्हतं. चार दिवस देवळाच्या ओवरीत काढून ती शहाडला गेली, हे मला नंतर कळलं.

माझा दवाखाना सुटला नाही. दुसरी डॉक्टरीण मिळेना, म्हणून पुरुष डॉक्टर आला. बायका पुन्हा पदराआडून ‘तसलं’ म्हणू लागल्या आणि तो मान हलवून सगळ्यांना एकच लाल औषध देऊ लागला. मी तीन-चार वर्षांनी शहाडला गेले. बाईंच्या पोटात गाठ झाली आहे आणि त्या फार दिवस काढणार नाहीत, असं कुणीतरी सांगितलं होतं.

दोन खणांचं घर. बाई पलंगावर होत्या, नुसती हाडं. यशोदा शेजारी भाताची वाटी घेऊन बसली होती. ती भरली होती, अंगानं आणि आवाजानंही. बाईंनी तोंड फिरवलं तशी ती म्हणाली, “खा मुकाट्यानं. मेलीस तर लोक म्हणतील, सवतीनं काहीतरी घातलं.”

“अळणी आहे,” बाई म्हणाल्या.

“मग चवीचं खायला नवऱ्याकडे जा. ठाण्याला आहे अजून. तिसरी केलीय त्यानं.”

बाई हसायला लागल्या. हसताना पोट दुखलं म्हणून पोट धरलं, तरी हसत राहिल्या. यशोदा वाटी हातात धरून थांबली, हसणं संपेपर्यंत, आणि मग पुढचा घास तोंडात कोंबला. मला दोघींनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाईंनी एकदा माझं नाव घेतलं, “गोदे, म्हातारी झालीस,” एवढंच.

निघताना यशोदा फाटकापर्यंत आली. मी हळूच विचारलं, “यांना क्षमा केलीत तुम्ही?”

“छे!” ती म्हणाली. “मरेपर्यंत करणार नाही. तिलाही माहीत आहे ते. तिनं कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. म्हणून तर जमतं आमचं.”

मी स्टेशनच्या वाटेला लागले. वळणावरून मागे पाहिलं. उन्हं कलली होती. यशोदानं बाईंना बाहेर काढलं होतं, नदीकडे न्यायला. बाई चार पावलं चालत आणि दम खात थांबत. यशोदाही थांबे, तोंड दुसरीकडे करून, कंटाळल्यासारखी. पण बाईंचा दंड तिनं हातात घट्ट धरलेला होता. त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत तो तिनं सोडला नव्हता.